पॉलिशमधली घट

सांगलीत काळी गाडी घेणाऱ्याकडे एक तर धीर असावा लागतो, नाहीतर ड्रायव्हर. दोन्ही नसेल त्यानं पांढरी घ्यावी. बहुतेक जण घेतातही. विश्रामबागच्या चौकात घटकाभर उभं राहिलं तरी ते कळतं. काळ्या रंगाचं आणि इथल्या हवापाण्याचं मुळात जमत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की सकाळी गच्चीवर, तुळशीवर, रात्री वाळत घातलेल्या चादरीवर काजळी येऊन बसलेली असते. फडात पाचट पेटतं, कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतं आणि वारा नेईल तिकडे ती राख जाते. उसाच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे ही वाळूचीच बारीक जात. पांढऱ्या गाडीवर तिचे ठिपके दिसतात, माणूस सावध होतो. काळ्यावर ती दिसतच नाही. मग ड्रायव्हर डिकीतलं पिवळं फडकं काढतो, झटकतो आणि बॉनेटवर गोल गोल फिरवतो. कोटीच्या गाडीला पॉलिश पेपर मारायची याहून सोपी रीत नाही.

त्यात पाणी. कृष्णाकाठच्या ज्या पट्ट्यात उसाला भरमसाट पाणी पाजलं तिथल्या जमिनी क्षारपड झाल्या. उन्हाळ्यात रानावर पांढरा थर फुटलेला दिसतो. बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या काळ्या बॉनेटवर हाच प्रकार वीतभर जागेत घडतो. थेंब उन्हात वाळतो, पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल कडं करून मागे राहतात. लगेच काढले तर निघतात. राहू दिले तर तापल्या पत्र्यावर वरच्या थरात रुततात, मग व्हिनेगरनंही पुरते जात नाहीत.

हे सगळं मला माझ्या भाच्यामुळे कळलं. कुपवाड रस्त्याला त्याचं गाड्यांच्या डिटेलिंगचं शेड आहे. बहिणीला बरेच दिवस लोकांना हे सांगायची पंचाईत पडायची. ‘गाड्या धुतो’ म्हणावं तर पोराचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आडवा येतो, ‘डिटेलिंग’ म्हणावं तर समोरची बाई ‘म्हणजे?’ विचारते. २०१९च्या ऑगस्टनंतर कुणी विचारेनासं झालं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली गाड्या उभ्या, सीटच्या वरपर्यंत गाळ. यानं सीटा सोडवल्या, कार्पेटं काढली, दाराच्या पोकळीत साचलेला चिखल पाइपानं धुऊन काढला. वाळलेला गाळ पुसायचा नसतो, भिजवून सोडवायचा असतो, हे तो तेव्हा शिकला. आजही हाताखालच्या पोरांना तो एवढंच बजावतो, ‘घाण सुटली पायजे, वढायची न्हाई.’

त्याच्याकडे एक काळी बीएमडब्ल्यू एम फाइव्ह आली होती. मालक मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. चार पॉइंट चार लिटरचं व्ही-एट इंजिन, ६२५ हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरावर ३.३ सेकंदांत. सांगली-मिरज रस्त्यावर ३.३ सेकंदांनी नक्की काहीतरी आडवं येतं, म्हैस नाहीतर स्पीडब्रेकर, पण तो हिशेब मालकाचा. लांबून पाहिलं तर गाडी झकास होती. मला वाटलं, हिला आणखी काय करायचं?

‘मामा, तुम्ही सावलीत बघताय,’ असं म्हणून भाच्यानं शेडचे दिवे घालवले आणि टॉर्च बॉनेटवर धरला. उजेडाच्या भोवती कोळ्याचं जाळं उमटलं. शेकडो बारीक चकचकीत रेघा, सगळ्या टॉर्चभोवती वर्तुळात. टॉर्च सरकवला की जाळंही सरकायचं. मला वाटलं, गोल फडकं मारल्यामुळे गोल ओरखडे. तसं नसतं. ओरखडे वाटेल त्या दिशेला पडलेले असतात; त्यांतले जे उजेडाच्या वाटेला आडवे असतात तेवढेच चमकून डोळ्यांत येतात, आणि अशा आडव्या रेघा दिव्याभोवती आपोआप वर्तुळ धरतात. हे जाळं पांढऱ्या गाडीवरही असतंच. पण पांढरा रंग खालून एवढा उजेड परत फेकतो की त्यात ओरखड्याची तिरीप बुडून जाते. काळा रंग उजेड गिळून बसतो. समोरून पाहिलं तर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार टक्के वरच्या पारदर्शक थरावरून परत येतो. काळ्या गाडीची सगळी ऐट त्या चार टक्क्यांवर. तेवढ्यात जो बिघाड करील तो लगेच उघडा पडतो.

काळा हा काही नेहमीच ऐटीचा रंग नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण तो डांबराच्या जातीचा काळा रोगण स्वस्त होता आणि टिकायचा. आज त्याच रंगासाठी माणसं शोरूमवाल्याशी भांडतात आणि मग आयुष्यभर त्याची बडदास्त ठेवतात.

धुणं म्हणजे मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. सकाळी पत्रा थंड असताना सुरू झालं ते जेवणवेळेपर्यंत चाललं. आधी नुसतं पाणी. मग फेसाचा जाड थर, तो आपला आपण घसरत खाली येऊ द्यायचा. हात लावायचा नाही, बघत राहायचं. मग दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली कच परत वर येत नाही. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मग पुन्हा शॅम्पूत. आपल्याकडं गाडी धुताना बादली एकच असते आणि शेवटी शेवटी तिच्यातल्या पाण्यापेक्षा रस्त्यावरचा चिखल बरा दिसतो.

त्यानंतर भाच्यानं एक पाण्यासारखं औषध फवारलं. थोड्या वेळात चाकांवरून आणि मागच्या बंपरवरून जांभळे ओघळ वाहायला लागले. जखमेला जांभळं औषध लावतात तसा तो रंग, फक्त इथं औषध जांभळं नव्हतं. ब्रेक दाबला की डिस्कचे लोखंडी कण तापून उडतात आणि रंगात रुतून गंजत बसतात. ते औषध लोखंडाला भेटलं की जांभळं होतं आणि कण सोडवून आणतं. ६२५ घोडे आवरायला ब्रेकही तसेच मोठे, त्यामुळे या गाडीनं स्वतःच स्वतःवर बरंच लोखंड उधळून घेतलं होतं. वासही जोरदार येतो, कुजक्या अंड्याच्या वळणाचा. मग क्ले. हा मळलेल्या पिठाचा गोळा म्हणता येईल असा पदार्थ. साबणाच्या पाण्यावरून हलका फिरवायचा. आधी तो खरखरतो, मग एका क्षणी आवाज थांबतो आणि गोळा नुसता सरकतो. भाचा डोळ्यांनी बघत नव्हता, कानानं ऐकत होता.

इथवर सगळं वरचं काढणं. पुढं जे काढायचं ते गाडीचं स्वतःचं.

भाच्यानं खिशातून कॅल्क्युलेटरएवढं यंत्र काढलं आणि बॉनेटला टेकवलं. ११८. दाराला टेकवलं, ११२. मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीवर प्राइमर, रंग आणि वरचा क्लिअर मिळून जो काही जामानिमा असतो तो दोन केसांएवढाही नाही. त्यात काळा रंग म्हणून जो आहे तो पंधरा-वीस मायक्रॉन. त्याच्यावरचा पारदर्शक क्लिअर चाळीसच्या आसपास. ऊन अंगावर घेणारी औषधं त्या क्लिअरमध्ये असतात. पॉलिश चालतं ते या चाळिसात. ओरखडा घालवणं म्हणजे तो भरणं असं मला वाटत होतं. भरत काही नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, मग खड्डा उरतच नाही. प्रत्येक पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, दांडगाईनं मारलं तर जास्त. ते परत येत नाहीत. छपरावर यंत्र गप्प बसलं. छप्पर कार्बन फायबरचं. हे यंत्र धातूवरच बोलतं. ‘इथं अंदाजानं न्हाई चालायचं,’ म्हणून भाच्यानं छपराला नुसता हलका हात फिरवायचं ठरवलं.

पूर्वी ही घट डोळ्यांना दिसायची. जुन्या अँबॅसिडरला, फियाटला वर क्लिअर नसायचा. पॉलिश मारलं की फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. निळ्या गाडीचं निळं, काळ्या गाडीचं काळं. मालक ते फडकं बघून म्हणायचा, बास करा आता. ऐंशीच्या दशकापासून क्लिअर रुळला आणि जाणारा माल पारदर्शक झाला. मशीनच्या पॅडवर पांढरट भुकटी दिसते ती लोकांना घासायच्या कंपाउंडची वाटते. म्हणून तर दर दिवाळीला ‘बफिंग’ मारून घेणारे महाभाग आहेत. चार-पाच वर्षांत कडा उघड्या पडतात, उन्हानं रंग पिठूळतो, आणि मग कंपनीच्या पेंटला शिव्या.

सांगलीच्या माणसाला खरं तर हे समजायला अवघड जाऊ नये. इथं हळदीला पॉलिश करतात. शिजवून वाळवलेलं हळकुंड काळपट, खरबरीत, मुळ्यांचे केस असलेलं असतं. ते ड्रममध्ये घालून फिरवलं की हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल निघते आणि पिवळा रंग वर येतो. बाजारात भाव त्या रंगाला. पण निघालेली साल वजनातून जाते, आणि ती किती जाणार याचा अंदाज यार्डातल्या प्रत्येकाच्या बोटावर असतो. चमक पाहिजे तर घट सोसा, हा तिथला रोजचा व्यवहार. त्यावर कुणी रडत नाही आणि फुकट चमक मागतही नाही.

मिरजेत हे ज्ञान याहून जुनं आहे. मिरजेची सतार आज जगभर जाते. तिला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तो धंदा उभा केला तो शिकलगारांनी. त्यांचं घरचं काम शस्त्रांना धार लावायचं आणि झिलई करायचं. तलवारी म्यानात गेल्या, हातातलं काम सुटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. मला यात गंमत वाटते ती हाताच्या सवयीची. पात्यावर हात काढण्यासाठी चालायचा. प्रत्येक झिलईला पातं तसूभर नाही तरी केसभर झिजायचंच. सतारीच्या भोपळ्यावर तोच हात चढवायला शिकला. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख बोळ्यानं लावायची, वाळू द्यायची, पुन्हा लावायची. थर एवढे पातळ की एकेकटा दिसू नये. काढून आणलेली चमक आणि चढवून आणलेली चमक, दोन्ही एकाच गल्लीत. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पॅड बदलत होता. ‘मग त्यांना हात कुठं थांबवायचा ते म्हाईत असणार,’ एवढंच म्हणाला.

मशीनचं काम तसं कंटाळवाणं. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखायचा, पॅडवर कंपाउंडचे चार ठिपके, आणि आडवे-उभे सावकाश हात. जुनं रोटरी मशीन एका जागी गरगर फिरतं. चांगल्या हातात सोनं, नवख्या हातात जाळणारं. काळ्या गाडीवर त्याचे उन्हात तरंगणारे पट्टे राहतात, त्यांना ही मंडळी होलोग्राम म्हणतात. भाचा डोलत फिरणारं मशीन वापरतो. हळू कापतं, पण माफ करतं. कडा आणि दारावरची धारदार रेघ यांच्यावर त्यानं आधीच टेप चिकटवली होती, कारण तिथं थर मुळातच पातळ. प्रत्येक चौकोनानंतर अल्कोहोलनं पुसून टॉर्च. हे पुसणं महत्त्वाचं. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यात बसतं आणि गाडी नवरीसारखी दिसते. दोन-चार धुण्यांत तेल जातं, जाळं परत हजर. या तेलावरच पोट भरणारेही आहेत. गिऱ्हाईक फोटो काढून खूश होऊन जातं. मग पावसाळा येतो.

बॉनेटच्या मधोमध टॉर्चच्या उजेडात एक आकृती दिसत होती. मी वाकून पाहिलं. स्वस्तिक. गाडी घेतली त्या दिवशी ओल्या कुंकवानं बोटानं काढलेलं, आणि नंतर कुणीतरी कोरड्या फडक्यानं घाईनं पुसलेलं. कुंकू गेलं, कुंकवाच्या कणांनी ओढलेल्या रेघा राहिल्या. चार ठिपकेसुद्धा. भाच्यानं मालकाला फोन लावला. माझी खात्री होती की हळवं काहीतरी ऐकायला मिळणार, ‘आईच्या हातचं आहे, राहू दे’ वगैरे. स्पीकरवर आवाज आला, ‘पूजा देवाला पोचली तेव्हाच. आता काय ठिवून घ्यायचंय? काढ.’ दुसऱ्या फेरीत स्वस्तिक पुसट झालं, तिसऱ्या फेरीत गेलं.

हळदीचा डाग मात्र पॉलिशनं काढावा लागला नाही. डिकीच्या काठाशी, नंबरप्लेटच्या वरच्या पांढऱ्या दिव्याच्या काचेवर पिवळी छटा होती. यार्डात रोज उभी राहणारी गाडी. हळदीतलं कुर्क्युमिन उन्हात टिकत नाही. गाडीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ उन्हाकडे करून ठेवली, छटा आपली आपण उतरली. ज्या उन्हाला हा सगळा धंदा भितो, त्यानं एवढं एक काम फुकट केलं.

एक ओरखडा राहिला. मागच्या डाव्या चाकाच्या वर, वीतभर, बहुतेक कुणाच्या तरी स्कूटरच्या हँडलचा. भाच्यानं त्यावरून नख फिरवलं, नख अडकलं. नख अडकतं तो ओरखडा क्लिअरमध्ये खोल गेलेला असतो. तो घालवायचा तर तिथला बहुतेक क्लिअर खर्ची पडणार. त्यानं नुसत्या त्याच्या कडा बोथट केल्या, म्हणजे उजेड धरणार नाही, आणि सोडून दिला. मला हा त्याच्या कामातला सगळ्यात कसबाचा भाग वाटला. बाकीचं मशीननं केलं. हे सोडून देणं पोरानं केलं, आणि बिल देताना मालकाचं बोट नेमकं इथंच जाणार हे त्याला माहीत असताना केलं.

शेवटी कोटिंग. बाटली अत्तराच्या कुपीएवढी, किंमत ऐकून अत्तर स्वस्त वाटावं. आत सिलिकाच्या जातीचं द्रव. एका चौकोनात पसरायचं, त्यावर इंद्रधनुष्याची झाक आली की पुसून एकसारखं करायचं. उरतो तो थर एखाद्या मायक्रॉनचा. बाटलीवर ठळक छापलेलं असतं, ‘९एच’. गिऱ्हाइकाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल. ते मोजमाप पेन्सिलीचं असतं, शाळेत चित्रकलेच्या तासाला एचबी, टूबी असायच्या त्याच मालिकेतल्या कडक टोकाच्या पेन्सिलीचं. पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही, एवढीच ती ग्वाही. रस्त्यावरच्या खडीला पेन्सिलीचं भय नसतं. कोटिंगमुळे पाणी घरंगळतं, चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, म्हणून फडकं कमी फिरतं आणि म्हणून ओरखडे कमी पडतात. एवढा लांबचा तो फायदा. भाचा गिऱ्हाइकाला तो असाच लांबून सांगतो, त्यामुळे काही गिऱ्हाइकं जवळचा फायदा सांगणाऱ्याकडे जातात.

मालक संध्याकाळी आले. पांढरा शर्ट, खिशाला पिवळी कड. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर शेडचे पत्रे, ट्यूबा आणि स्वतःचं पोट नीट बघून घेतलं. मग अपेक्षेप्रमाणे मागच्या चाकापाशी थांबले. भाच्यानं सगळं समजावलं. नख, क्लिअर, चाळीस मायक्रॉन. ते ऐकून घेत होते. ‘असू दे. तीट लागली म्हणायचं. नाहीतर काळ्या गाडीला तीट लावायची तरी कशाची?’ मला वाटलं, सुटला.

भाच्यानं मग एक कागद पुढं केला. गाडीचं चित्र, त्यावर प्रत्येक पत्र्याचे दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा. बॉनेट ११८, आता ११६. दार ११२, आता १११. हा कागद आरसी बुकासोबत ठेवा, म्हणाला, पुढं कुणाकडंही पॉलिशला न्याल तेव्हा त्याला दाखवा. ही काय सारखी करायची गोष्ट न्हाई. मालकांनी चष्मा लावला. आकडे वाचायची सवय असलेला माणूस, एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

‘म्हंजे माल कमी झाला.’

‘व्हय, पण चमक...’

‘चमक दिसती की. मी वजनाचं बोलतोय. दोन मायक्रॉन तू न्हेलंस.’

‘साहेब, ते निघाल्याबिगर...’

‘अरे निघणारच. पॉलिश म्हटलं की घट आली. पण आमच्याकडं घट धरून पैसं देत्यात. तू माल कमी करून वर पैसं मागतोयस.’

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी छपराकडे बघत होतो. मालक हसत नव्हते. यार्डातली माणसं सौदा तुटेपर्यंत हसत नाहीत. शेवटी भाच्यानं पेन काढलं, बिलाच्या तळाशी कोटिंगच्या रकमेखाली एक ओळ ओढली आणि लिहिलं, ‘घट – ५०० वजा’. मालकांनी ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि पैसे मोजायला घेतले.